‘रिंगा गेल्या’ म्हणाला, गेला होता व्हॉल्व्ह

गाडी उभी असायची तिथे तेलाचे थेंब दिसायला लागले होते. मग एके दिवशी बॉनेट उघडलं तर डिपस्टिक आपोआप दोन बोटं वर आलेली. दाबून बसवली, आठवड्याने पुन्हा वर. गॅरेजवाल्याने इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण काढलं. भक्‌भक्‌ धूर आला. त्यावर तळहात धरला, काढला आणि म्हणाला, "साहेब, बॅक कंप्रेशन मारतंय. रिंगा गेल्या. इंजिन खोलावं लागणार." म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या झिजल्या आणि जळालेला वायू खाली येतोय. मग एअर फिल्टर काढून दाखवला, तो तेलाने माखलेला. डोळ्यांदेखत दोन दोन पुरावे! मी मान डोलावली.

आता कळतंय की त्यातला एकही पुरावा पुरेसा नव्हता.

पेट्रोल जळतं तेव्हा थोडा वायू रिंगांच्या कडेने खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरतोच. कोऱ्या करकरीत इंजिनातही उतरतो, त्याला ब्लो-बाय म्हणतात. म्हणजे झाकण काढल्यावर थोडी वाफ आणि धूर दिसणारच. या वायूत न जळलेलं पेट्रोल असतं, पाण्याची वाफ असते. तो आत कोंडला तर तेलाचा काळा गाळ होतो आणि दाब वाढून तेल सील-पॅकिंगमधून वाट काढतं. पूर्वी तो एका नळीने सरळ रस्त्यावर सोडून द्यायचे. १९६० च्या दशकापासून तो पुन्हा इंजिनात ओढून जाळायची पद्धत आली, आणि ते काम करतो अंगठ्याएवढा पीसीव्ही (पॉझिटिव्ह क्रँककेस व्हेंटिलेशन) व्हॉल्व्ह.

त्याच्या आत एक स्प्रिंग आणि एक दट्ट्या, बस. गाडी आयडलिंगला असते तेव्हा मॅनिफोल्डची, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांची, ओढ जबर असते, म्हणून दट्ट्या सरकून वाट अरुंद करतो. ॲक्सिलरेटर दाबला की ओढ कमी होते आणि वाट मोकळी होते. बाहेर गेलेल्या वायूच्या जागी एअर फिल्टरच्या बाजूने दुसऱ्या पाइपातून स्वच्छ हवा आत येते. व्हॉल्व्ह तुंबला की हाच दुसरा पाइप उलटा वाहायला लागतो आणि तेलाची वाफ फिल्टरवर येते. मला दाखवलेला ‘पुरावा’ तो हाच.

गाडी दहा दिवसांनी मिळाली. बिलावर रिंग सेट, पॅकिंग सेट, ऑइल सील, मजुरी. गाडी विकली असती तर जे आले असते, त्याच्या निम्म्याच्या आसपास. "जुन्या रिंगा घेऊन जा, विश्वास नको का?" म्हणत एक काळपट पिशवीही हातात ठेवली. त्या पिशवीनेच मला गप्प केलं होतं खरं तर.

तीन आठवडे गळती नव्हती. सील नवे होते, ते थोडे दिवस टिकले. मग पुन्हा थेंब, पुन्हा डिपस्टिक वर.

या वेळी दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्याने झाकणाला हातही लावला नाही. टॅपेट कव्हरवरून व्हॉल्व्ह उपटला आणि माझ्या कानाशी हलवला. "काही वाजतंय?" काहीच नाही. चांगला व्हॉल्व्ह खुळखुळ्यासारखा वाजतो. हा डांबर ओतल्यासारखा घट्ट. (काही गाड्यांत रबरी पडद्याचा असतो, तो मुळातच वाजत नाही, तिथे ही परीक्षा चालत नाही.) मग त्याने चारही प्लग काढून कंप्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजलं. चारही आकडे मॅन्युअलच्या मर्यादेत आणि एकमेकांजवळ. नवा व्हॉल्व्ह बसवला, गाळाने भरलेला पाइप बदलला. इंजिन आयडलला ठेवून तेलाच्या तोंडावर कागदाचा तुकडा धरला, तो अलगद चिकटून बसला. आधी हाच कागद उडून गेला असता.

"पण रिंगा तर नवीन आहेत, आकडे चांगले येणारच," मी म्हणालो आणि डिकीतली पिशवी काढून दिली. त्याने एक रिंग घेतली, दोन्ही टोकं चिमटीत जुळवली, व्हर्नियर लावून व्यास मोजला. मग मॅन्युअलमध्ये बोअरचा, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाचा, आकडा शोधला. रिंग जवळपास नऊ मिलिमीटरने मोठी! माझ्या सिलिंडरमध्ये ती कधी शिरूच शकली नसती. इंजिन खोललंच नव्हतं. सील आणि पॅकिंग बदलून रिंगांचे पैसे लावले होते.

कोणी झाकणाचा धूर दाखवून इंजिन खोला म्हणालं, तर आधी कंप्रेशनचे आकडे कागदावर मागा, प्रत्येक सिलिंडरचे वेगळे. आकडा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये थोडं तेल टाकून पुन्हा मोजायला सांगा. आकडा वाढला तरच संशय रिंगांवर जातो. आणि त्याही आधी व्हॉल्व्ह आणि पाइप पाहा. बदलायचा झाला तर त्याच इंजिनाचा घ्या. बाहेरून सारखा दिसणारा दुसरा आतून वेगळ्या प्रमाणात हवा सोडतो.

मी पहिल्या गॅरेजमध्ये परत गेलो होतो. "गडबडीत पिशवी बदलली असेल," म्हणाला. तुमच्या रिंगा शोधून ठेवतो, ही ठेवून जा, असंही म्हणाला.

पिशवी अजून माझ्याकडेच आहे.