प्रकल्पाचा समारोप: सगळा ३१ मार्चला, की अर्धा पावसाळ्यानंतर?

पाणलोटाचा प्रकल्प संपत आलाय. सिमेंट नालाबांध झाले, जुन्या कोल्हापुरी बंधाऱ्याची दुरुस्ती झाली आणि निधी देणारी कंपनी क्लोजर रिपोर्टची, म्हणजे समारोपाच्या अहवालाची, तारीख मागते आहे. यवतमाळ, वाशीम, बुलढाण्याकडे गावपातळीवर काम करणाऱ्या समन्वयकासमोर फेब्रुवारीत हा प्रश्न हमखास येतो. एक तर हिशेब, हस्तांतरण, अहवाल, माणसं, सगळं ३१ मार्चला एकदाच मोकळं करायचं. नाहीतर मार्चला फक्त पैशाचं खातं बंद करायचं आणि कामाचा समारोप पाऊस पाहून ऑक्टोबरात करायचा. पाण्याचं काम असेल तर मी दुसरी वाट धरायला सांगेन. मात्र ती फुकट पडत नाही आणि प्रत्येक कामाला तिची गरजही नसते.

गावात खरं तर तिसरीच वाट रूढ आहे, ती म्हणजे काहीच न करणं. "काम तं झालं भाऊ, आता कायले पाह्यजे कागद?" असं म्हणणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण दोन वर्षांनी भिंतीच्या बाजूने माती वाहून गेली की दुरुस्ती ग्रामपंचायतीची, गावच्या पाणलोट समितीची की प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेची, हे सांगणारा एकही कागद सापडत नाही. ही वाट मी तुलनेत धरतच नाही.

मार्चच्या समारोपाचे फायदे खरे आहेत. आर्थिक वर्ष आणि प्रकल्प एकदमच संपतात, लेखापरीक्षकाला एकच फाईल लागते, उपयोगिता प्रमाणपत्र (निधी ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) त्याच आकड्यांवर निघतं. कार्यकर्ते एप्रिलपासून दुसरं काम धरू शकतात. संस्था लहान असेल तर ही शेवटची बाब फार मोठी असते. प्रशिक्षण, शिवणयंत्रं, शाळेचं स्वच्छतागृह, सौर दिवे अशी कामं मार्चला बेलाशक बंद करावीत. दिवा लागतो की नाही हे त्याच संध्याकाळी कळतं.

पाण्याच्या कामाचं तसं नाही. समारोपातली मुख्य गोष्ट म्हणजे स्वीकृती: ज्याच्यासाठी काम केलं त्याने ते तपासून ताब्यात घेणं. मार्चमध्ये आपल्याकडचे बहुतेक नाले कोरडे असतात. तेव्हा समितीच्या सह्या घेतल्या तर त्या काँक्रीट पाहून केलेल्या असतात, अडलेलं पाणी पाहून नव्हे.

कोल्हापुरी बंधाऱ्याचंच घ्या. त्याची लोखंडी गेटं पावसाळ्यात काढून ठेवतात आणि परतीचा पाऊस ओसरला की टाकतात. सगळा जीव या गेटांत. खाचेत गेट नीट बसतं का, रबर सील दाबून धरतं का, दोन गेटांच्या फटीतून किती पाणी जातं, हे गेट टाकल्याशिवाय कळत नाही. लोखंड असल्याने ती चोरीलाही जातात. म्हणून प्रत्येक गेटावर ऑइलपेंटने क्रमांक टाकावा आणि हस्तांतरणाच्या यादीत क्रमांक, ठेवण्याची खोली, किल्ली कोणाकडे आणि गेट टाकायला येणाऱ्यांची नावं लिहावीत. ही यादी मार्चमध्येही करता येते. पण त्या माणसांनी ऑक्टोबरात एकदा स्वतः गेटं टाकली की तिला अर्थ येतो. सील कुठे बदलावं लागेल हेही त्यांनाच पहिल्यांदा दिसतं.

ठेकेदाराचा हिशेबही पाहा. दोषदायित्वाचा कालावधी (या काळात निघालेले दोष ठेकेदाराने दुरुस्त करायचे) आणि सुरक्षा अनामत (त्याची हमी म्हणून रोखून ठेवलेली रक्कम) करारात असेल तर अनामत पहिला पावसाळा उलटेपर्यंत हातात ठेवावी. मार्चला सगळं मोकळं केलं की जुलैत भिंतीखालून पाणी झिरपलं तरी ठेकेदार फोन उचलेलच असं नाही.

आता दुसऱ्या वाटेची किंमत. एप्रिल ते ऑक्टोबर किमान एका माणसाचं मानधन, प्रवास आणि थोडा दुरुस्ती निधी लागतो. इथेच बहुतेक संस्था अडतात. पैसा सीएसआरचा, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीचा, असेल तर कंपनीला एक गोष्ट वेळेत विचारा: त्यांच्या संचालक मंडळाने हे काम ऑनगोइंग प्रोजेक्ट (एका वर्षापलीकडे चालणारं काम) म्हणून मंजूर केलंय का? तसं असेल तर सुरुवातीचं वर्ष सोडून पुढची तीन वर्षं मिळू शकतात. न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून तीस दिवसांत कंपनीने वेगळ्या खात्यात टाकायची आणि तीन आर्थिक वर्षांत खर्चायची, अशी तरतूद कंपनी कायद्याच्या कलम १३५ मध्ये आहे. म्हणजे ३१ मार्च ही भिंत नसते. मात्र हे विचारायचं जानेवारीत, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात नव्हे. सरकारी अनुदान असेल तर इतकी मोकळीक धरून चालू नका. मंजुरी आदेशातली मुदत वाचा आणि वाढ हवी असेल तर ती लेखी घ्या.

टप्प्याने बंद करणं म्हणजे ढिलाई, असं एखादा अधिकारी म्हणेल. प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटच्या पीएमबॉक या प्रकल्प व्यवस्थापनाच्या मार्गदर्शिकेच्या २०१७ च्या सहाव्या आवृत्तीत या प्रक्रियेचं नावच 'क्लोज प्रोजेक्ट ऑर फेज', म्हणजे प्रकल्प किंवा टप्पा बंद करणं, असं आहे. टप्पा रीतसर बंद करणं तिथेही समारोपच मानलं जातं.

ग्रामसभेच्या दृष्टीनेही ऑक्टोबर बरा. २ ऑक्टोबरची सभा बहुतेक गावांत होते. सोयाबीनच्या सोंगणीमुळे गर्दी कमी असेल, तेव्हा दवंडी आधी द्या आणि शेतकऱ्यांना सोयीची वेळ ठेवा. ठरावात 'काम पूर्ण झाले' एवढंच लिहू नका. कोणती रचना, कोणत्या नाल्यावर, दुरुस्तीचा खर्च कोणत्या निधीतून, हे यायला हवं.

मार्च टळतच नसेल तर क्लोजर रिपोर्टमध्ये स्वीकृती सशर्त असल्याचं लिहा आणि पावसाळ्यानंतरच्या पाहणीचा महिना व जबाबदार माणूस नमूद करा. निधी मध्येच थांबला तरी हेच करायचं. अर्धवट नालाबांध कुठवर आलाय त्याचे फोटो, मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदी आणि शिल्लक साहित्याची यादी सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीचा ग्रामसेवक) पोचपावती घेऊन द्या.