संत्र्याच्या खोडाला ड्रिल लावू देऊ नका

वरूड तालुक्यात आमची तीनशे झाडांची संत्र्याची बाग आहे, चौदा वर्षांची. मागच्या भादव्यात काही झाडांची पानं पिवळी पडली, बुडाशी डिंक दिसायला लागला. त्याच आठवड्यात दोघं जण गाडी घेऊन बांधावर आले. गळ्यात ओळखपत्र, हातात ड्रिल मशीन.

"काकाजी, झाडाच्या आतमंदी किडा हाये. वरून फवारून काई होत नाई, खोडातच औषध द्या लागते."

एकानं साल उचकटली आणि पांढरी अळी माझ्या तळहातावर ठेवली. ती सालीतून निघाली की त्याच्या मुठीतून, हे मी पाहिलंच नाही. पिवळी पानं पाहून आधीच पोटात गोळा आला होता. झाडामागे ८० रुपये ठरले. आंबिया बहाराच्या फळांसाठी व्यापाऱ्यानं दिलेला इसार, २४,००० रुपये, मी त्यांच्या हातात मोजून दिला. बायको म्हणत होती, आधी कोणाला तरी विचारा. ऐकायला पाहिजे होतं.

प्रत्येक खोडात तीन भोकं पाडली, लेबल नसलेल्या कॅनमधलं गुलाबी पाणी पिचकारीनं सोडलं आणि वरून चिखल लावला. बिल मोबाईलवर पाठवतो म्हणाले. ते आलं नाही आणि फोनही बंद झाला.

दिवाळीपर्यंत त्या भोकांतूनच डिंक ओघळायला लागला. मग कृषी सहायकाला बोलावलं. त्यानं खोडाला हातही लावला नाही, खुरपीनं बुडाची माती उकरली. बारीक मुळी चिमटीत धरून ओढली तर साल मोज्यासारखी निघून आली, आत नुसता दोरा राहिला. किडा नव्हताच. फायटोफ्थोरा बुरशीनं मुळं कुजली होती. आमची जमीन भारी काळी, पावसाळाभर पाणी साचलेलं, त्यात मीच खोडाला माती चढवून कलमाचा डोळा, म्हणजे कलम जोडलेली जागा, बुजवला होता. खोडाचं भोक लवकर भरून येत नाही, त्यातून बुरशीला आणखी वाट मिळते, हेही त्यानंच सांगितलं.

उपाय साधा होता. ओळींमध्ये चर काढले, डोळ्यावरची माती ओढली आणि बोर्डो मलम लावला. १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. दोन्ही प्लास्टिकच्या बादल्यांत वेगवेगळं भिजवायचं, मग एकत्र करायचं. घासलेला विळा बुडवून पाहायचा, पात्यावर तांबडा थर आला तर चुना कमी पडला, आणखी घालायचा. हा मलम खोडाला जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत लावायचा, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा. तरी ४१ झाडं काढावी लागली.

औषध विकणाऱ्याकडे परवाना लागतो, सीलबंद डब्यावर नोंदणी क्रमांक, बॅच नंबर आणि मुदत छापलेली असते. हे पाहिल्याशिवाय आणि पक्कं बिल घेतल्याशिवाय कोणालाही बागेत शिरू देऊ नका. मी पंचायत समितीत तक्रार द्यायला गेलो तेव्हा साहेबांनी आधी बिल मागितलं, मग कॅनचा फोटो. माझ्याकडे दोन्ही नव्हतं.

परवा नरखेडहून साळ्याचा फोन आला. त्याच्या शेजारच्या बागेत दोघं जण ड्रिल घेऊन आले होते, गळ्यात ओळखपत्र.