घाणेरी काढायला छोटी कुदळ: उद्यानातल्या स्वयंसेवकांसाठी

घाणेरी म्हणजे लँटाना, देशी झाडांना दाबून टाकणारं परदेशी झुडूप. कोयत्याने छाटलेली घाणेरी पुन्हा फुटते, कारण खोड जिथे मुळाला मिळतं त्या भागातूनच नवे कोंब येतात. त्यामुळे या कामाला कुदळच हवी. एका बाजूला टोक, दुसरीकडे चपटं पातं, वजन साधारण दीड किलो. टोकाने बुंध्याभोवतीची माती सैल करा, पात्याने सोटमूळ त्या जोडाच्या 3 ते 5 सेंटिमीटर खाली तोडा. झुडूप मुळं वर करून उलटं ठेवा; ओल्या मातीला टेकलेली फांदी मूळ धरते.

जड कुदळ नवख्यांना अजिबात देऊ नये. हात दमले की नेम चुकतो आणि शेजारचं देशी रोपटं जातं, जे वाचवायला आपण आलेलो असतो!

दांडा लाकडीच उत्तम, मात्र वाळून आकसला की कुदळ ढिली होते. आधी हलवून पाहा, ठोकून घट्ट बसवा. खोडावर काटे असतात, तेव्हा चामडी हातमोजे हवेतच. सुती चालत नाहीत. फळं पिकण्याआधी काम उरका, नाहीतर पक्षी बी पसरवतात. तीव्र उतारावर सगळी घाणेरी एकदम काढू नका, माती वाहून जाते. बियांपासून उगवलेल्या बारीक रोपांना कुदळ लागत नाही, पावसानंतर ती हातानेच उपटली जातात.