शाळेच्या वाद्यवृंदात आधी गळा की आधी बोटं?

नाशिकच्या शाळेत वाद्यवृंद उभा करायचा ठरला की पेटी, बासऱ्या, जमलं तर दोन-चार व्हायोलिन अशी यादी लगेच होते. शिकवायचं कसं, हे मात्र येणाऱ्या सरांवर सोडलं जातं. रस्ते दोन आहेत. एकात मूल वही किंवा बोटांचा तक्ता पाहून थेट वाजवतं. दुसऱ्यात प्रत्येक ओळ आधी सरगम म्हणत गातं, मग वाद्यावर काढतं.

निवड करताना आधी वाद्य कोणतं ते पाहा. पेटीची पट्टी दाबली की स्वर मिळतोच, कानाला काही ठरवावं लागत नाही. त्यामुळे १५ ऑगस्ट तोंडावर असेल तर पेटी-सिंथेसायझरसाठी थेट रस्ताच सोयीचा. व्हायोलिनला स्वराची जागा दाखवणारे पडदे (पट्ट्या) नसतात. बोट जरा मागे राहिलं की शुद्ध गंधार (ग) उतरतो, आणि हे तक्ता सांगू शकत नाही. बासरीत बोटं तीच ठेवूनही फुंकेच्या जोराने स्वर चढतो-उतरतो. त्यात गॅदरिंगच्या तालमी डिसेंबरातल्या, सकाळच्या. हवा गार तसा बासरीचा स्वर खाली, म्हणजे ती पेटीशी जुळत नाही. गायची सवय असलेल्या मुलाला हे खटकतं आणि ते फुंक सावरतं. केवळ तक्त्यावर शिकलेलं मूल बोटं बरोबर आहेत म्हणून तसंच वाजवत राहतं. बासरी-व्हायोलिनसाठी म्हणूनच माझं मत ठामपणे गाण्याच्या बाजूने आहे.

तालवाद्यांत तर हा वादच नाही. तबल्याचे बोल आधी पढायचे असतात, ढोल-ताशाचा ठेकाही तोंडीच सांगतात. हंगेरीचे संगीतकार झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) यांच्या विचारांवर उभी राहिलेली पद्धतही गाण्यापासून सुरू होते, आणि तिचा 'डो' (तिकडच्या सरगमचा पहिला स्वर) आपल्या सा-सारखाच हलता असतो, म्हणजे हव्या त्या पट्टीत धरता येतो.

लिहून शिकवण्याला माझा विरोध नाही. पंचवटीत आश्रम काढणाऱ्या गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी स्वतःची स्वरलिपी, म्हणजे स्वर लिहिण्याची पद्धत, तयार केली होती. लिपी हवीच, पण ओळ गळ्यात बसल्यावर.

गाण्याच्या रस्त्याला अडचणीही आहेत. सुरुवातीला दाखवण्याजोगं काही नसतं आणि पालक विचारू लागतात. आठवी-नववीतल्या मुलांचा आवाज फुटत असतो, ती गप्प बसतात. त्यांना खालच्या सप्तकात गाऊ द्या, नाहीतर नुसतं गुणगुणू द्या, पण वगळू नका. आणि महिनाभर नुसतं गायला लावून वाद्य कपाटात ठेवणं मला अजिबात मान्य नाही. मूल वाजवायला आलेलं असतं. वाद्य पहिल्याच आठवड्यात हातात द्यावं, आणि पस्तीस मिनिटांच्या तासात दहा मिनिटं गाण्याला ठेवावीत.

शेवटी सगळं सरांच्या गळ्यावर येतं. नेमणुकीआधी त्यांना एखादी प्रार्थना सरगमने गाऊन मग वाद्यावर काढायला सांगा. गाताना सूर हलत असेल, तर त्यांना त्यांच्या पद्धतीने थेट वाद्यच शिकवू द्या आणि वर्गात तानपुऱ्याचं अ‍ॅप चालू ठेवा.