स्कीची बोट आणि नवी वेकबोर्ड बोट

ऑर्लँडोच्या परिसरातील तळ्यांवर खेळाडूला दोराने पाण्यावरून ओढणाऱ्या या दोन्ही प्रकारच्या बोटी नेहमी दिसतात. स्कीच्या बोटीचे, म्हणजे स्की नॉटिकचे, इंजिन मध्यभागी असल्याने तिचे वजन समतोल राहते आणि ताशी 58 किलोमीटरला, म्हणजे पुरुषांच्या स्लॅलममधील (तरंगत्या खुणांभोवती नागमोडी स्की करण्याच्या प्रकारातील) कमाल वेगाला, मागची लाट जवळजवळ सपाट पडते. स्लॅलमसाठी हे उत्तमच आहे. वेकबोर्डवर, म्हणजे दोन्ही पाय बांधून उभे राहायच्या एकाच फळीवर, मात्र बोटीच्या लाटेवरून उडी घ्यायला आधार मिळत नाही, आणि ठेंगण्या खांबाला बांधलेला दोर हवेत गेल्यावर खाली ओढतो.

नव्या वेकबोर्ड बोटीच्या, म्हणजे सुपर एअर नॉटिक जी23च्या, मागे पहिल्याच फेरीत जाणवते ती लाटेची उंची. इंजिन पार मागे असते, शिवाय टाक्यांत तळ्याचेच पाणी भरून बोट मुद्दाम जड केलेली असते. ताशी 37 किलोमीटरच्या आसपास, वीसेक मीटर दोरावर, पायथ्याशी रुंद असलेली ही लाट माथ्याकडे एकदम उभी होते. बोर्डाची कड शेवटपर्यंत पाण्यात रोवून ठेवली, तर लाटच आपल्याला वर फेकते; कड क्षणभर आधी सुटली, तर उडीतला जोरच जातो. बोटीवरच्या उंच चौकटीला, म्हणजे टॉवरला, बांधलेला दोर हवेत आधार देतो.

इंधन मात्र ही बोट अधिक पिते आणि तिच्या लाटांनी अरुंद तळ्याचे काठ खचतात, ही तक्रार मला रास्त वाटते. तरीही वेकबोर्डसाठी मी हीच निवडेन. नवशिक्याला मात्र टाक्या अर्ध्याच भरून उभे करावे.