दीड टनी इन्व्हर्टर एसी, १७ महिने वापरून: गॅस संपत नाही, गळतो

जळगाव जिल्ह्यात सावद्याला आमचं घर वरच्या मजल्याचं आहे, डोक्यावर थेट स्लॅब. मे महिन्यात रात्री दहालाही भिंतीला हात लावला की चटका बसतो. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये दीड टनी, तीन स्टारचा स्प्लिट एसी घेतला. तांब्याची कॉइल, आर-३२ गॅस वगैरे सगळ्यांना माहीत असतं, त्यात शिरत नाही. मला बोलायचंय ते गॅसबद्दल आणि एका पितळी नटाबद्दल.

पहिले चार महिने मशीन उत्तम चाललं. सप्टेंबरच्या उकाड्यात थंडावा कमी झाला. सर्व्हिसवाला आला, दाब मोजायचं गेज लावलं आणि म्हणाला, "भाऊ, गॅस संपला, टाकावा लागेल." २८०० रुपये. वॉरंटी आहे म्हटलं, तर उत्तर आलं की गळती पाइपच्या जोडात असेल तर तो इन्स्टॉलेशनचा भाग, कंपनीचा नाही. पण बसवायला माणूस पाठवला होता दुकानानेच! दुकान म्हणे कंपनीला विचारा, कंपनी म्हणे दुकानाला. दोन आठवडे फोन करून शेवटी पैसे मीच दिले. यंदा मार्च संपताना पुन्हा तेच, ३००० रुपये. मेच्या दुसऱ्या आठवड्यात तिसऱ्यांदा तोच माणूस तेच वाक्य घेऊन दारात उभा, आता ३२०० सांगत होता. त्या दिवशी मी त्याला परत पाठवलं.

आठ महिन्यांत तीनदा गॅस "संपतो" हे ऐकून घेतलं, याचा मला अजून राग येतो. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळीत तोच तो फिरत राहतो, आतली उष्णता उचलतो, बाहेर सोडतो. नळी धड असेल तर दहा वर्षंही तोच गॅस पुरतो. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. दोन्ही वेळा त्या माणसाने साबणाचं पाणीसुद्धा लावून पाहिलं नाही, काट्यावर वजन करून गॅस भरला नाही. गेजचा काटा पाहिला, पैसे घेतले, गेला.

आमच्या भागात केळी पिकवायची चेंबर, म्हणजे मशीनने थंड ठेवलेल्या खोल्या आहेत. तिथल्या मशिनरीचं काम करणाऱ्या एका मेकॅनिकला चुलतभावाने आणलं. चेंबर बंद पडलं तर व्यापाऱ्याचा माल हातचा जातो, त्यामुळे या लोकांना अंदाजाने काम करून चालत नाही. त्याने उरलेला गॅस काढून घेतला, नायट्रोजन भरून ३५० पीएसआयवर दाब धरला आणि चहा प्यायला बसला. तासाभरात काटा खाली आला होता. मग जोडांवर साबणाचा फेस लावला. आतल्या युनिटच्या मागे, काळ्या टेपच्या आत दडलेल्या फ्लेअर नटवर, म्हणजे पाइप जोडणाऱ्या त्या पितळी नटवर, बारीक बुडबुडे यायला लागले.

नट खोलल्यावर पाइपचं फुललेलं तोंड एका बाजूने चिरलेलं दिसलं. बसवताना पाइप कटरऐवजी हॅकसॉने कापला होता, आतली धार घासली नव्हती आणि वर नट साध्या पान्याने जोर लावून आवळला होता. अशी चीर आधी दिसत नाही; गरम-थंड होऊन, मशीनच्या कंपनाने ती हळूहळू वाढते. मेकॅनिकने मला टेपही दाखवली, तेलकट झालेली. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं, म्हणून गळणाऱ्या जोडाशी असा डाग पडतो. हिने दिवाळीच्या साफसफाईतच मला विचारलं होतं, "अहो, ही टेप अशी चिकट का लागते?" मी स्वयंपाकघरातला धूर म्हणून सोडून दिलं. तेव्हाच ऐकलं असतं तर ३००० रुपये वाचले असते.

पाइपला नवीन फ्लेअर (फुललेलं तोंड), अर्धा तास व्हॅक्युम, म्हणजे पंपाने नळीतली हवा काढणं, मग मशीनच्या पाटीवर लिहिल्याप्रमाणे काट्यावर मोजून गॅस. सगळे मिळून ४५०० रुपये. महाग वाटलं होतं. आता वाटत नाही.

हा अनुभव मी मे महिन्यात लिहिला असता तर तीन स्टार घेऊन फसलो, पाच स्टार घ्यायला हवा होता, असंच लिहिलं असतं. रोज सकाळी मीटरचं रीडिंग वहीत लिहायची माझी सवय आहे. गळती असताना रात्रीचे आठ तास एसी लावला की घरात दिवसाला ११-१२ युनिट जात होते, बिल ३०० युनिटच्या वरच्या टप्प्यात गेलं. दुरुस्तीनंतर तेवढ्याच उन्हाळ्यात, तेवढेच तास चालवून ७-८ युनिट. म्हणजे स्टारला दिलेला दोष मी मागे घेतो. एवढं मात्र खरं की स्टार ठरवताना बाहेरचं तापमान २४ ते ४३ अंश धरतात. आपल्याकडे भुसावळ-रावेर पट्ट्यात पारा त्याच्याही वर जातो, तेव्हा दुपारी दीड टनी एसीकडून पूर्ण दीड टनाच्या थंडाव्याची अपेक्षा ठेवू नका.

दुपारसाठी आमच्याकडे अजूनही नानांचा लोखंडी कूलरच चालतो. गवत काढून हनीकॉम्ब पॅड लावले. मेच्या कोरड्या हवेत, समोरची खिडकी उघडी ठेवली तर हॉलमध्ये एसीची आठवण येत नाही. बोअरच्या क्षाराने पॅड पांढरे पडतात, म्हणून दर चौथ्या दिवशी टाकी पूर्ण रिकामी करतो. पाऊस पडला की कूलर बंद, नुसती चिकचिक होते. गच्चीला चुना मारला, त्याने संध्याकाळी छताची धग जाणवण्याइतकी कमी झाली. या खर्चात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आधी करण्यासारखं हेच काम होतं.

जूनमध्ये १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, चिरलेल्या पाइपचा फोटो आणि दोन्ही पावत्या जोडून. महिनाभराने दुकानाने दुसऱ्या वेळचे ३००० परत केले. पहिले २८०० अजून बाकी आहेत, ते मी सोडणार नाही.

सप्टेंबर संपत आला, थंडावा पहिल्या दिवसासारखा आहे. येत्या रविवारी फैजपूरला ताईकडे नवीन एसी बसतोय. मी सकाळीच जाणार आहे. माणूस आला की आधी त्याच्या पेटीत पाइप कटर आणि व्हॅक्युम पंप आहे का ते बघेन, मगच भिंतीला भोक पाडू देईन.