क्लचशिवाय डोंगरात : होंडा ट्रेल 90 एक सीझन वापरल्यानंतर

ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांना आधीच सांगते : 1974 ची होंडा सीटी90, म्हणजे ट्रेल 90 ही छोटी मोटरसायकल, मी ठेवणार आहे. पण ‘ऑटोमॅटिक आहे, नुसती रेस द्यायची’ अशा समजुतीने कुणी घेणार असेल तर थोडं थांबा.

माझं घ्यायचं कारण अगदी साधं होतं. दिवसभर कीबोर्ड बडवून डाव्या मनगटाला कार्पल टनेलचा, म्हणजे नस दबण्याचा, त्रास जडला. चढावर खडकांतून हळूहळू जाताना क्लच अर्धवट धरून ठेवणं हाताला झेपेना. नवऱ्याच्या उंच ॲडव्हेंचर बाइकवर माझे पाय नीट टेकत नाहीत, तेव्हा तो पर्याय मुळातच नव्हता. आम्ही राहतो आयडाहोतल्या बॉइसीला. शहर संपलं की लगेच डोंगर, आणि डोंगरात मातीचे रस्ते. इथे ही गाडी जुन्या गॅरेजांमधून अजून निघते आणि त्यामागे एक गंमत आहे.

1960 च्या सुमारास होंडाच्या अमेरिकेतल्या मंडळींच्या लक्षात आलं की बॉइसीसारख्या छोट्या गावातला एक डीलर मोठ्या शहरांतल्या डीलरांपेक्षा जास्त सुपर कब (होंडाची छोटी, शहरात वापरायची दुचाकी) विकतोय. चौकशी केल्यावर कळलं, हर्ब उल नावाचा हा गृहस्थ त्या गाडीला मागे मोठं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) आणि गुठळ्यांचे टायर लावून डोंगरात फिरायची गाडी म्हणून विकत होता. होंडाने ती कल्पना उचलली आणि 1961 मध्ये ट्रेल 50 बाजारात आणली. पुढे 1964 मध्ये 90 आली, 1966 मध्ये तिला ओव्हरहेड कॅमचं इंजिन मिळालं. म्हणजे माझी गाडी जपानची असली तरी तिचं आजोळ बॉइसीच.

आता मुद्द्याचं. या गाडीत क्लच आहे, क्लचचा लिव्हर नाही. इंजिनाचा वेग वाढला की सेंट्रिफ्यूगल (फिरण्याच्या जोरावर चालणारा) क्लच आपोआप पकडतो, आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना, सोडून देतो. गिअर मात्र चार आहेत आणि ते पायानेच टाकायचे. न्यूट्रलपासून चारही पुढे दाबत जायचे, त्यामुळे स्प्लेंडर चालवलेल्याला क्रम शिकवावा लागत नाही. गिअरचा पेडल दाबला की त्याच हालचालीत क्लच सुटतो, पेडल वर आला की पकडतो. थोडक्यात, क्लच हातातून पायात गेलाय. पेडल दाबून धरा, रेस द्या आणि झटकन सोडा : ही एवढीशी गाडीही पुढचं चाक उचलू बघते. खालचा गिअर टाकताना पेडल दाबलेला असतानाच किंचित रेस देऊन मग हळू सोडला तर झटका बसत नाही. हे पायात बसायला वेळ लागतो, आणि ‘ऑटोमॅटिक’ म्हणून विकणारे याबद्दल अवाक्षर काढत नाहीत.

हँडलवर डावीकडे लिव्हर आहेच, पण तो मागच्या ब्रेकचा. क्लचच्या गाड्यांची सवय असलेल्या माणसाने उतारावर गिअर बदलायला तो घट्ट आवळला की मागचं चाक लॉक होतं. म्हणून कुणाला चक्कर मारायला देण्याआधी मी हे दोनदा बजावते.

या गाडीचा खरा जीव इंजिनाच्या खालच्या अंगाला असलेल्या एका छोट्याशा खटक्यात आहे. गाडी थांबवून खटका फिरवला की चारही गिअरांचं रिडक्शन जवळजवळ दुप्पट होतं, म्हणजे वेग कमी आणि ओढ जास्त. हीच लो रेंज. इंजिन 89 सीसीचं, ताकद जेमतेम 7 हॉर्सपॉवर. पण लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये चालत्या माणसाच्या वेगाने ती मोकळ्या दगडांच्या चढावरून न कुरकुरता चढत राहते. क्लच घसरवत ठेवावा लागत नाही, इंजिन बंद पडत नाही. कुठे अडकलंच तर नुसती रेस सोडायची. गाडी न्यूट्रलमध्ये असल्यासारखी उभी राहते, आणि पाय टेकून, वाट बघून, पुन्हा निघता येतं. साध्या मोटरसायकलवर अशा जागी ब्रेक, क्लच, रेस आणि तोल असे चार हिशेब एकदम सांभाळावे लागतात. मनगटाची तक्रार म्हणाल तर डोंगरातून आल्यावर पूर्वी बोटं बधिर व्हायची, ते आता बंद झालंय.

उताराबद्दल मला वाटली होती तेवढी भीती खरी ठरली नाही. इंजिन ब्रेक मिळतो, म्हणजे रेस सोडली की इंजिनच गाडीला रोखून धरतं, लो रेंजमध्ये तर भरपूर मिळतो. याची किंमत कळली ती ओळखीच्या एकांची सत्तरच्या दशकातली हस्कवार्ना 360 ऑटोमॅटिक चालवून बघितली तेव्हा. ती खरी ऑटोमॅटिक. प्रत्येक गिअरसाठी वेगळा सेंट्रिफ्यूगल क्लच, वेग वाढला की पुढचा गिअर आपोआप लागतो, पायाला काही काम नाही. या यंत्रणेला स्वीडनच्या सैन्याचा आधार होता : बर्फात दोन्ही पायांना स्की लावून चालवायची मोटरसायकल त्यांना हवी होती, आणि पाय स्कीवर असताना गिअर कोण टाकणार? चढावर आणि सपाटीवर ती भन्नाट पळते. पण रेस सोडली की मागचं चाक फ्रीव्हील होतं, म्हणजे सायकलसारखं मोकळं फिरतं, इंजिन ब्रेक शून्य. लांब उतारावर सगळा भार ब्रेकवर, आणि ब्रेकही त्या काळातले ड्रम. मी अर्ध्या उतारावर उतरून गाडी त्यांच्या हवाली केली. (आज हस्कवार्नाचं नाव लावलेल्या काही गाड्या आपल्या चाकणला बजाजच्या कारखान्यात बनतात, हे त्यांना सांगितलं तर त्यांचा विश्वास बसेना.)

तिसरा प्रकार म्हणजे रोकॉन ट्रेलब्रेकर. बेल्टचा टॉर्क कन्व्हर्टर (स्कूटरसारखी आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा), तीन रेंजचा गिअरबॉक्स, दोन्ही चाकांना ड्राइव्ह, आणि पोकळ चाकांमध्ये पेट्रोल किंवा पाणी भरून नेता येतं. शिकारी आणि शेतकरी लोकांना ती का आवडते ते बघताक्षणी कळतं. चालवण्यात मजा मात्र ट्रॅक्टरइतकीच.

म्हणून माझं मत असं झालंय की डोंगरासाठी अर्धी ऑटोमॅटिक पूर्ण ऑटोमॅटिकपेक्षा सरस. कुठला गिअर हवा हे मी ठरवते, क्लचची कटकट गाडी सांभाळते. आपल्याकडे 1997 च्या सुमारास हिरो होंडा स्ट्रीट याच घराण्यातली आली होती, क्लचशिवायची, पायाने गिअर टाकायची. ती काही चालली नाही. ज्याला गिअर नको तो कायनेटिक होंडा घेत होता आणि ज्याला गिअर हवे त्याला क्लचही हवा होता. मधल्या गाडीला गिऱ्हाईकच नव्हतं.

आता त्रासाचं. सहा व्होल्टचा दिवा संध्याकाळनंतर असून नसल्यासारखा. अंधारात डोंगरातून उतरायचा बेत करू नये. ब्रेक छोटे ड्रमचे, पाण्यातून गेल्यावर थोडा वेळ नुसते नावाला. डांबरी रस्त्यावर ताशी 70 किलोमीटरच्या पुढे ती दमते आणि मागे ट्रकची रांग लागते. सिल्व्हर सिटी या जुन्या खाणगावाला जायचं तर मी ती पिकअपमध्ये टाकून मर्फीपर्यंत नेते आणि मातीचा रस्ता लागला की उतरवते. उंचीवर हवा विरळ, मिश्रण रिच होतं (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), आधीच बेताची ताकद आणखी कमी होते. वर गेल्यावर एक गिअर खाली ठेवून चालवायचं, एवढाच त्यावर माझा उपाय.

देखभाल करायला आवडत असेल तरच ही गाडी घ्या. पॉइंट्सची (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या संपर्कांची) गॅप 0.3 ते 0.4 मिलिमीटर आणि व्हॉल्व्हची, इंजिन थंड असताना, 0.05 मिलिमीटर ठेवली की ती दुसऱ्या किकला सुरू होते. यात चालढकल केली की किक मारून पिंढरी भरून येते. ऑइल जेमतेम 0.9 लिटर मावतं, बदलता येणारा फिल्टर नाही, शिवाय क्लच त्याच ऑइलमध्ये फिरतो. म्हणून ऑइल लवकर बदलायचं आणि कारचं घर्षण कमी करणारं ऑइल चुकूनही टाकायचं नाही, क्लच घसरायला लागतो. कार्ब्युरेटर मूळचाच साफ करून घ्या. मी आधी स्वस्तातला नकली ऑनलाइन मागवला होता. त्याचं जेटिंग (पेट्रोल सोडणाऱ्या भोकांचं माप) असं काही होतं की गाडी अर्ध्या रेसला ढेकर देत चालायची. मूळचा उकळून, नव्या गास्केट घालून बसवला आणि प्रश्न मिटला. सरकारी जंगलात जायचं तर सायलेन्सरमध्ये स्पार्क अरेस्टर (ठिणग्या अडवणारी जाळी) आहे ना, तेही बघून घ्या. उन्हाळ्यात वणव्यांचा प्रदेश आहे हा.

सीट कमी उंचीची, वजन 85 किलोच्या आसपास. पडली तर मी एकटी उचलते, आणि डोंगरात एकटीने जाणारीला ही सोय कुठल्याही हॉर्सपॉवरपेक्षा मोठी वाटते. मागचं कॅरिअर भक्कम आहे. डबा, पाणी, पंक्चरचं सामान, सगळं मावतं.

बघायला गेलात तर रंग आणि बाहेरचा गंज नंतर बघा. आधी टाकीत टॉर्च मारा, मग खाली वाकून तो लो रेंजचा खटका फिरवून, गाडी थोडी चालवून बघा. कित्येक गाड्यांचा खटका वर्षानुवर्षं कुणी हलवलेलाच नसतो आणि तो जाम झालेला निघतो. मालक म्हणतात, ‘त्याची काही गरज पडत नाही.’ अशा गाडीचे निम्मे पैसे सांगावेत.